बारावं पान: मुलुंडच्या एका फ्लॅटचं प्रकरण

2024च्या गणपतीत, दीड दिवसाचं विसर्जन करून आम्ही घरी परतत होतो. ताई म्हणाली, "आता बास. पैसे एफडीत टाकते आणि मोकळी होते." सोळा महिने, 47 घरं आणि हातातोंडाशी येऊन निसटलेले तीन व्यवहार, एवढं सगळं त्या वाक्यात होतं. मी गप्प राहिलो, कारण तिचं म्हणणं चूक नव्हतं. सहा महिन्यांनी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, त्याच ताईने मुलुंड पूर्वेच्या एका फ्लॅटच्या करारावर सही केली. मधल्या काळात काय बदललं ते नीट लिहून ठेवावं असं मला वाटतं. मी अठरा वर्षं मुलुंडमध्ये घरकर्जाच्या फायली करतो, आणि गुंतवणुकीसाठी घर शोधणारी माणसं नेमकी याच टप्प्यावर गळताना मी पाहिली आहेत.

ताई माझी मावसबहीण. वय 44, एका खासगी रुग्णालयात सिस्टर. भाऊजी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. भांडुपचं राहतं घर कर्जमुक्त. भाऊजींना पेन्शन आहे, तिला नाही. म्हणून साठीनंतर स्वतःच्या नावाने दर महिन्याला काहीतरी यावं, एवढाच हेतू होता. 2023मध्ये मावशीची लालबागची खोली विकली गेली. ती पागडीची होती, म्हणजे मालकी घरमालकाची आणि राहण्याचा हक्क आपला, त्यामुळे रिवाजाप्रमाणे तिसरा हिस्सा मालकाला गेला आणि उरलेल्याचे दोन भावंडांत वाटे झाले. ताईच्या वाट्याला 22 लाख आले, शिवाय तिची स्वतःची बचत होती. कर्जाचा हप्ता 37 हजारांच्या वर नको, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणजे सगळा खर्च धरून 77-78 लाखांची मर्यादा. जागा मात्र कांजूरमार्ग ते मुलुंड या पट्ट्यातच हवी होती, कारण ड्युटी सांभाळून तिला तिथेच जाता-येता येणार होतं.

तिने सुरुवात सगळे करतात तशीच केली. मोबाइलवर जाहिराती, सहा-सात एजंट, रविवारी तीन-तीन घरं. एक गोष्ट मात्र तिने पहिल्यापासून वेगळी केली. लाल कापडी बांधणीची एक लांब वही घेतली आणि प्रत्येक घराला एक पान दिलं. इमारतीचं साल, मजला, सांगितलेली किंमत, त्याच इमारतीत शेवटचं घर किती रुपयांना नोंदलं गेलं (हे ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, काढून बघायची), मालक का विकतोय, आणि तळाशी एक ओळ: "अडचण काय?" ही शेवटची ओळ तिने रुग्णालयाच्या सवयीने घातली असावी. केसपेपरवर तक्रारीचा रकाना असतोच.

निसटलेले तीन व्यवहार

पहिला, बँकेच्या लिलावातला. भांडुपमधला वन बीएचके, राखीव किंमत 56 लाख, बाजारभावापेक्षा बरीच कमी. ताई हरखली होती. सरफेसी कायद्याखालच्या, म्हणजे कर्ज थकल्यावर बँकेने गहाण घर विकायच्या लिलावात वेळापत्रक फार कडक असतं. बहुतेक बँका बोलीआधी राखीव किमतीच्या दहा टक्के अनामत घेतात. बोली मंजूर झाली की त्या दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी एकूण पंचवीस टक्के भरायचे, आणि विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत उरलेले पंचाहत्तर. लेखी मुदतवाढ मिळू शकते, पण तिच्यावर विसंबून बोली लावायची नसते. म्हणजे 14 लाख लगेच, आणि 42 लाख पंधरा दिवसांत. इतक्या दिवसांत कर्जाची रक्कम हातात येईल याची खात्री मी माझ्या धंद्यात कुणालाही देत नाही.

तरीही आम्ही घर बघायला गेलो. जाहिरातीत "सांकेतिक ताबा" असं लिहिलेलं होतं. म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवलेली आहे, घर रिकामं करून घेतलेलं नाही. आम्ही खालून वर पाहिलं तर दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलवर शाळेचा गणवेश वाळत घातलेला होता, निळा पिनाफोर आणि पांढरे मोजे. ताई तिथेच थांबली. जिना चढलीच नाही. "त्या पोराला बाहेर काढायला मी जाणार का?" असं तिने विचारलं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, त्याला लागेल तेवढा वेळ लागतो, आणि "जसं आहे, जिथं आहे" या अटीवर घेतलेल्या घरात सोसायटीची थकबाकीही बहुधा घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. मी तिला आकड्यांनी समजावणार होतो, पण तिने आधीच ठरवलं होतं. लिलाव वाईट असतात असं मी म्हणत नाही. प्रत्यक्ष ताबा मिळालेलं घर आणि खिशात पूर्ण रोख असलेला माणूस असेल तर ते चांगले असतात. ताईकडे यातलं काहीच नव्हतं.

दुसरं घर विक्रोळीला, चाळीस वर्षांच्या इमारतीत. मालक सांगत होता, "रिडेव्हलपमेंट पक्कं आहे, दोन वर्षांत नवीन घर." त्यासाठी तो 12 लाख जास्त मागत होता. ताईने सोसायटीच्या चिटणीसाला भेटून एकच विचारलं: विकासकाशी करार नोंदवला गेलाय का? नव्हता. विकासक निवडण्यासाठी सहकारी संस्था कायद्यातल्या कलम 79-अच्या निर्देशांप्रमाणे विशेष सभा घ्यावी लागते आणि 4 जुलै 2019च्या आदेशानंतर 51 टक्के सभासदांची संमती पुरते, पण इथे ती सभाही झालेली नव्हती. फक्त एका वार्षिक सभेत विषय निघाला होता. नुसत्या चर्चेला 12 लाख मोजायचे नव्हते, म्हणून ती निघून आली.

तिसरा साधा होता आणि त्यानेच तिला मोडलं. कांजूरला घर पसंत पडलं, 51 हजारांचा टोकनचा धनादेश दिला, आणि आठव्या दिवशी मालकाने तो परत आणून दिला. त्याला कुणीतरी 3 लाख जास्त देऊ केले होते. लेखी काही नव्हतंच.

यानंतर अकरा आठवडे तिने वही उघडली नाही.

एफडीचं गणित

गणपतीतल्या त्या वाक्याला उत्तर द्यायचं तर प्रामाणिक उत्तर द्यायला हवं होतं. मुंबईत घराच्या किमतीवर वर्षाचं भाडं ढोबळमानाने दोन ते साडेतीन टक्के सुटतं. त्या वेळी बँकेची मुदतठेव सात टक्क्यांच्या आसपास देत होती, आणि ठेवीला गळकं छत नसतं. कर्जाचा दर साडेआठ. बाजारभावाने घर घेऊन भाड्याने द्यायचं तर दर महिन्याला खिशातून भर घालावी लागते आणि सगळी भिस्त भाव वाढण्यावर राहते. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. "बाजारभावाने घ्यायचं असेल तर खरंच एफडी कर," असं म्हणालो. "पण दहा-बारा टक्के खाली मिळालं तर गोष्ट वेगळी. तो नफा घेतानाच पदरात पडतो."

"मग ते मिळत का नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तिच्याच वहीत होतं.

नवरात्रात एका रात्रपाळीनंतर तिला झोप लागेना, तेव्हा तिने वही काढली आणि 47 पानांवरच्या एजंटांना एकेक संदेश टाकला: "हे घर गेलं का?" उत्तरं यायला तीन दिवस लागले. 38 घरं विकली गेली होती किंवा विक्रीतून काढली होती. नऊ अजून पडून होती, काही तर वर्षाच्या वर. तिने त्या नऊ पानांची तळाची ओळ वाचली. आठ पानांवर कागदाची अडचण लिहिलेली होती: वारसांचा वाद, शेअर सर्टिफिकेट हरवलेलं, मधला एक करार नोंदलेलाच नाही, सोसायटीची थकबाकी, एक हिस्सेदार परदेशात. या ओळीच तिने घर नाकारण्याची कारणं म्हणून लिहून ठेवल्या होत्या.

ती वही घेऊन माझ्या ऑफिसात आली. "मी वर्षभर चांगली घरं शोधत होते. चांगल्या घराला माझी गरजच नाही. या आठांना आहे," असं ती म्हणाली. मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला आणि थोडी लाजही वाटली. रोज फायली हाताळणाऱ्या माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. भाव घासाघीस करून लाख-दोन लाख उतरतो. विकणाऱ्याचं अडलेलं काम करून दिलं तर तो खरा उतरतो.

कामाची पद्धतही तिने बदलली. रविवार सोडून दिला. गुरुवार तिचा साप्ताहिक सुटीचा, त्यातले दोनच तास द्यायचे ठरवलं. त्या दोन तासांत एक माणूस भेटायचा (चिटणीस, मालक, किंवा जुना एजंट, दोन वेळा तर वॉचमन) आणि एका घराचे कागद शेवटपर्यंत वाचायचे. आठवडा वाया गेला की नाही, हे घर मिळालं का यावर ठरवायचं नाही, दोन तास दिले का यावर ठरवायचं. रुग्णालयात रोज बरे न होणारे पेशंट बघणाऱ्या बाईला हे मी शिकवायची गरज नव्हती.

पान 12

मुलुंड पूर्व, नव्वद फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत, तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत, लिफ्ट नाही. तिसरा मजला, 310 चौरस फूट कार्पेट, वन बीएचके. ताईने ते ऑगस्ट 2023मध्ये पाहिलं होतं, तेव्हा 82 लाख सांगत होते. नोव्हेंबर 2024मध्ये 76 वर आले होते. त्याच गल्लीत तशीच घरं 78 ते 80 लाखांना नोंदली गेलेली होती.

घर वडिलांच्या नावावर. वडील 2016मध्ये गेले, आई 2020मध्ये, तेव्हापासून कुलूप. थोरला भाऊ बदलापूरला, बहीण नाशिकला, धाकटा कॅनडात. थोरला नॉमिनी होता, म्हणून त्याला वाटत होतं की तो एकटा विकू शकतो. नॉमिनी हा सोसायटीच्या व्यवहारापुरता. मालकी सगळ्या वारसांची. दोन गिऱ्हाइकांच्या बँकांनी याच मुद्द्यावर कर्ज नाकारलं होतं. शिवाय मूळ करार 1984चा, पाच रुपयांच्या मुद्रांकावर, तो पाहूनही लोक दचकायचे. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं: सदनिकेच्या करारावर किमतीप्रमाणे मुद्रांक शुल्क 10 डिसेंबर 1985पासून सुरू झालं, त्याआधीच्या कराराला तेवढाच मुद्रांक लागायचा. पण हे गिऱ्हाइकाला सांगणार कोण? सोसायटीची थकबाकी 1 लाख 38 हजार. छताला ओल.

थोरल्या भावाला आम्ही बदलापूरला जाऊन भेटलो. तो दमलेला माणूस होता. "दादा, तुम्ही पायपीट करू नका, कागद मी करून घेते," असं ताईने त्याला सांगितलं. त्याने चहा ठेवायला सांगितला आणि कपाटातून पिशवी काढली. पिशवीत वडिलांचा मृत्यूचा दाखला, मूळ करार आणि 2019पर्यंतच्या मेंटेनन्सच्या पावत्या, सगळं रबरबँडमध्ये. रबरबँड हात लावताच तुटला.

किमतीवर बोलताना ताईला 64 लाखांपर्यंत खाली ओढायचं होतं. इथे मी तिला थांबवलं. रेडी रेकनरने, म्हणजे सरकारच्या दरपत्रकाने, जुन्या बांधकामाचा घसारा वजा जाता, घराचं मूल्य 72 लाख 40 हजार निघत होतं. कराराची किंमत त्यापेक्षा इतकी कमी असेल की फरक कराराच्या रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त होईल, तर तो सगळा फरक प्राप्तिकर खातं घेणाऱ्याचं उत्पन्न धरतं. 64 लाखांना घेतलं असतं तर 8 लाख 40 हजार ताईच्या उत्पन्नात जोडले गेले असते, आणि विकणाऱ्यांचा भांडवली नफाही रेकनरच्या आकड्यानेच मोजला गेला असता. सुरक्षित तळ 66 लाखांच्या जरासा खाली होता. 69 वर ठरलं, प्रत्येक वारसाला 23 लाख.

टोकन म्हणून ताईने 1 लाख 38 हजारांचा धनादेश दिला, थेट सोसायटीच्या नावाने. थकबाकी भरल्याशिवाय सोसायटी वारसांची नावं लावणार नव्हती, आणि नावं लागल्याशिवाय बँक हलणार नव्हती. यात जोखीम होती. व्यवहार फिसकटला असता तर पैसे सोसायटीकडून परत आले नसते. म्हणून वकिलांनी आधी तिन्ही वारसांचा लेखी समझोता करून घेतला: रक्कम किमतीतून वजा, आणि त्यांनी माघार घेतली तर ती त्यांनी परत द्यायची. कांजूरचा धडा इथे कामी आला. मग मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि हमीपत्र. कॅनडातल्या भावाने बहिणीच्या नावाने मुखत्यारपत्र केलं, तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून मूळ प्रत कुरिअरने पाठवली. परदेशात केलेला असा दस्त भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. तो लगेच घेतला.

सगळ्यात अवघड जागा पुढे होती आणि ती मीही आधी नीट धरली नव्हती. 50 लाखांवरच्या खरेदीत निवासी विकणाऱ्याचा एक टक्का कर कापून भरायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. कॅनडातल्या भावाला तो एक टक्का लागू नाही. अनिवासी म्हणून त्याच्या हिश्शावर 12.5 टक्के आणि वर 4 टक्के उपकर, म्हणजे 13 टक्के कापावे लागतात, आणि त्यासाठी तेव्हा घेणाऱ्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागायचा. 23 लाखांवर 2 लाख 99 हजार. ताईने एकच टक्का कापला असता तर उरलेल्याची जबाबदारी व्याजासकट तिच्यावर आली असती. भावाला अर्थातच एवढी रक्कम अडकवायची नव्हती. त्याने कमी दराने कपातीच्या दाखल्यासाठी प्राप्तिकर खात्याकडे अर्ज केला. 1 एप्रिल 2001ची किंमत धरून त्याचा खरा नफा कमी निघत होता. दाखला यायला सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत ताईने दर गुरुवारी भावाला संदेश टाकला, कधी कागदाबद्दल, कधी नुसतं "तिकडे बर्फ किती?"

सोसायटीत एक प्रसंग झाला. हस्तांतरासाठी पदाधिकाऱ्यांनी दीड लाख "विकास निधी" मागितला. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा 25 हजार आहे, 9 ऑगस्ट 2001च्या शासन आदेशाने. ताईने त्याची प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "काका, मला इथे वीस वर्षं सभासद म्हणून राहायचंय. नियमाचे पैसे आजच देते." पंचवीस हजारांची पावती मिळाली. आवाज न चढवता हे झालं याचं मला फार बरं वाटलं.

नोंदणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाली. रेडी रेकनरचे दर तीन वर्षं वाढलेले नव्हते, त्यामुळे एप्रिलात वाढतील अशी सगळ्यांची अटकळ होती आणि दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा नंबर लागायला चार तास लागले. नाशिकची बहीण अंगठा देताना रडली. वडिलांचं घर होतं ते. 1 एप्रिल 2025ला नवे दर आले, मुंबईत सरासरी 3.39 टक्के वाढ.

हिशेब

किंमत 69 लाख. मुद्रांक शुल्क रेकनरच्या जास्तीच्या आकड्यावर, 72 लाख 40 हजारांच्या पाच टक्के, म्हणजे 3 लाख 62 हजार; घर एकट्या बाईच्या नावावर असल्याने मुंबईच्या सहा टक्क्यांतला एक टक्का वाचला. नोंदणी फी 30 हजार, वकील 35 हजार, एजंट 69 हजार, सोसायटी 25 हजार, दुरुस्तीचा अंदाज 3 लाख 10 हजार. एकूण 77 लाख 31 हजार. कर्ज 42 लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता साधारण 36 हजार 450. भाडं 24 हजार अपेक्षित. मेंटेनन्स आणि बिनवापर शुल्क (घर भाड्याने दिलं की सोसायटी घेते ते, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं) मिळून 2 हजार 900. म्हणजे दरमहा सुमारे 15 हजारांची भर ताईच्या पगारातून. भाडं खर्चाच्या पावणेचार टक्क्यांच्या थोडं खाली बसतं. नुसत्या भाड्यावर हा व्यवहार आजही उभा राहत नाही. तो उभा आहे तो गल्लीतल्या नोंदींपेक्षा नऊ ते अकरा लाख कमी दिल्यामुळे, आणि ताईचा पगार चालू आहे तोवर.

छताचं काम सोसायटीचं. कोबा फोडून नवं वॉटरप्रूफिंग करायचं, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात, असं सभेत ठरलं होतं. 2025ला पाऊस 26 मेलाच मुंबईत दाखल झाला, नोंदी आहेत तेव्हापासूनचा सगळ्यात लवकरचा. नव्याने रंगवलेल्या हॉलच्या छतावर दोन दिवसांत पिवळे डाग उमटले आणि तिसऱ्या दिवशी पंख्याशेजारचं प्लास्टर पडलं. ठरलेला भाडेकरू गेला. गच्चीवर निळी ताडपत्री टाकून, प्लास्टर पुन्हा करून घर लागायला ऑगस्ट उजाडला. दोन महिन्यांचं भाडं आणि 41 हजार जास्तीचे गेले. ताई त्या आठवड्यात एकदाही "एफडी" म्हणाली नाही. बादली ठेवली, फोटो काढले, चिटणीसांना पत्र दिलं, पोच घेतली.

बाराव्या पानावर आता भाडेकरारा​ची तारीख आहे, आणि खाली "गच्ची: पाऊस थांबला की". पान 31वरच्या मालकीणबाईंची वारस दाखल्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्यांना कोर्टात सोबत लागणार आहे, आणि त्या दिवशी गुरुवार येतो का, हे ताईने मला कालच फोन करून विचारलं.